धावा, पण सावकाश!

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनला १९८३ मध्ये प्रारंभ झाला. प्रथेप्रमाणे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या या शर्यतीने पुणेकरांच्या पहाटेला एक नवे वळण लावले. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच मैदाने, टेकड्या आणि विद्यापीठाचे रस्ते नव्या बुटांनी गजबजू लागतात. मात्र संक्रांत उलटेपर्यंत त्यातील बरेच चेहरे दिसेनासे होतात. कोणाचा गुडघा धरतो, कोणाची नडगी ठणकते, तर कोणाला सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही. 'धावणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही' असा निष्कर्ष काढून ही मंडळी पुन्हा खुर्चीत बसतात. वास्तविक त्यांना मानवलेली नसते ती घाई. पुढे तीस वर्षे साथ देऊ शकणारा एक साधा, स्वस्त आणि आनंददायी व्यायाम अवघ्या सहा आठवड्यांच्या उतावीळपणापायी कायमचा सुटतो. हे टाळणे अवघड नाही. त्यासाठी आपले शरीर कसे बदलते, हे मात्र समजून घ्यायला हवे.

दम आधी वाढतो, हाडे मागाहून

नियमित धावू लागल्यावर हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण यांत सुधारणा होण्यास फार काळ लागत नाही. तीन-चार आठवड्यांतच जिना चढताना लागणारी धाप कमी होते आणि पहिल्या दिवशी अशक्य वाटलेले अंतर सहज पार होते. स्नायूही लवकर बळकट होतात. परंतु स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा, हिला रक्तपुरवठा बेताचाच असल्याने तिची मजबुती संथ गतीने वाढते. हाडांची गोष्ट तर आणखी सावकाशीची. नव्या भारानुसार हाडाची जुनी पेशीरचना झिजून तेथे नवी भक्कम रचना तयार होण्यास साधारणतः तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते हाड काहीसे नाजूकच असते.

धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो. पाच किलोमीटर धावण्यात सुमारे पाच-सहा हजार पावले पडतात. याचा अर्थ असा, की महिनाभरानंतर 'आता दम लागत नाही, अंतर दुप्पट करू' असे मनाला वाटते, नेमक्या त्याच वेळी हाडे आणि कंडरा सर्वांत कच्च्या अवस्थेत असतात. बहुतेक नवशिक्यांची दुखणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उद्भवतात, ती यामुळेच. म्हणून दमाचा कौल न घेता हाडांच्या गतीने पुढे जायचे, हे धावण्याचे पहिले सूत्र होय.

गुडघे झिजतात का?

धावण्याबद्दलची सर्वांत रूढ भीती गुडघ्यांची आहे. या विषयावरील अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला. बैठे जीवन जगणाऱ्यांत हेच प्रमाण १०.२ टक्के, तर स्पर्धात्मक पातळीवर प्रचंड अंतर धावणाऱ्यांत १३.३ टक्के होते. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, तरीही बेताने धावल्याने गुडघे झिजतात या समजाला त्यातून पुष्टी मिळत नाही. गुडघा आधीच दुखावलेला असेल किंवा वजन फार जास्त असेल, तर मात्र प्रथम काही महिने झपझप चालणे, सायकल चालवणे किंवा पोहणे यांवर भर द्यावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊन मगच धावण्याकडे वळावे.

नवशिक्यांसाठी बारा आठवडे

आजवर कधीच न धावलेल्या व्यक्तीने पहिल्या दिवसापासून सलग धावण्याचा अट्टहास धरू नये. धावणे आणि चालणे यांची सांगड घालावी. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती आणि प्रत्येक वेळी सुरुवातीस व शेवटी पाच-पाच मिनिटे चालणे, एवढे पथ्य पाळावे. पुढील वेळापत्रक बहुतेकांना झेपते :

- आठवडे १ व २ : १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, असे ८ वेळा.
- आठवडे ३ व ४ : २ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे ७ वेळा.
- आठवडे ५ व ६ : ४ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे ५ वेळा.
- आठवडे ७ व ८ : ७ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे ३ वेळा.
- आठवडे ९ व १० : १२ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे २ वेळा.
- आठवडे ११ व १२ : २० मिनिटांपासून वाढवत ३० मिनिटे सलग धावणे.

एखादा आठवडा जड गेला, तर तोच पुन्हा करावा. त्यात कमीपणा नाही. जूनच्या मध्यावर सुरुवात केली, तर गणेशोत्सवाच्या सुमारास अर्धा तास सलग धावता येऊ लागते. तेथून डिसेंबरपर्यंतचे अडीच-तीन महिने दहा किलोमीटरच्या तयारीला पुरेसे असतात. अर्धमॅरेथॉनचे लक्ष्य पुढील वर्षासाठी राखून ठेवावे.

'सावकाश' म्हणजे किती?

याचे उत्तर देण्यासाठी महागड्या घड्याळाची आवश्यकता नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, तो वेग योग्य. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त झाला असे समजावे. एकट्याने धावणाऱ्याने मनाशी दोन-चार वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. या कसोटीवर अनेकांना आपला वेग लाजिरवाणा वाटतो आणि शेजारून झरझर चालणारे आजोबा पुढे निघून जातात. जाऊ द्यावेत!

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या सुमारास संथ गतीने दीर्घ अंतर धावण्याचा पाया आपल्या ऑलिंपिक विजेत्यांकडून घालून घेतला. तोच मार्ग त्यांनी ऑकलंडमधील मध्यमवयीन, हृदयविकारातून उठलेल्या नागरिकांनाही दाखविला. १९६२ मध्ये तेथे गेलेले अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन हे पाहून प्रभावित झाले आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी 'जॉगिंग'चा प्रसार केला. त्यानंतर अव्वल धावपटूंच्या सरावाचा जो अभ्यास झाला, त्यातही हेच आढळते, की त्यांचा सुमारे चार पंचमांश सराव सावकाश असतो आणि उरलेलाच वेगाचा. हौशी धावपटू मात्र रोज मध्यम वेगाने धावतो. विश्रांती म्हणावी तर ते पुरेसे हलके नसते आणि प्रगतीसाठी म्हणावे तर पुरेसे जोरकसही नसते.

पुण्यात कोठे धावावे?

या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराच्या मध्यातच टेकड्या आहेत. हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी येथील मातीच्या वाटा पावलांना मऊ लागतात आणि वाहनांचा धूरही तेथे कमी असतो. वाट खाचखळग्यांची असल्याने प्रत्येक पाऊल थोडे निराळे पडते, त्यामुळे घोट्याभोवतीचे लहान स्नायूही कामाला लागतात. तथापि नवशिक्यांनी पहिले काही आठवडे सपाट जागाच निवडावी. विद्यापीठाच्या आवारातील झाडीचे रस्ते, रेसकोर्सचा परिसर किंवा घराजवळचे मैदान त्यासाठी उत्तम. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातील कृत्रिम धावमार्ग वेगाच्या सरावाला सोयीचा आहे. प्रवेशाच्या वेळा व नियम मात्र आधी विचारून घ्यावेत.

टेकडी चढण्यापेक्षा उतरताना अधिक जपावे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात. दुसऱ्या दिवशी मांड्या आखडतात, त्या याच कारणाने. उतरताना पावले आखूड टाकावीत, टाच पुढे आपटू नये. पर्वतीच्या १०३ पायऱ्या किंवा सिंहगडाची वाट चढून जाण्यास चांगली. मात्र पळत उतरण्याचा मोह टाळावा.

रस्त्यावर धावणे अपरिहार्य असेल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे, अंधारात फिकट किंवा चमकणारे कपडे वापरावेत आणि कानात गाणी लावू नयेत. भटकी कुत्री अंगावर आल्यास पळण्याऐवजी थांबून सावकाश चालू लागणे हितावह. टेकडीवर उजाडल्यावरच आणि शक्यतो सोबतीने जावे.

ऋतू पाहून सराव

पावसाळ्यात हवा थंड असल्याने धावणे सुखाचे होते. मात्र फरशा, पायऱ्या आणि सिमेंटच्या कडा शेवाळाने निसरड्या होतात. ओले मोजे लगेच बदलावेत, अन्यथा फोड आणि बुरशीचा त्रास होतो. याच दिवसांत डेंगी आणि चिकुनगुनियाची साथ असते. अंगात ताप असताना धावणे धोक्याचे आहे. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी झालेले श्रम जिवावर बेततात. ताप उतरल्यावरही अशक्तपणा पूर्ण जाईपर्यंत केवळ चालावे.

ऑक्टोबरमधील उकाडा अनेकांना फसवतो. पावसाळ्यात साधलेला वेग अचानक जड वाटू लागतो. ही अधोगती नव्हे. रक्ताचा काही भाग त्वचेकडे वळून शरीर थंड करण्याच्या कामी लागलेला असतो. उष्णतेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेग कमी ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा सकाळी सातच्या आत सराव आटोपावा. धावणारा माणूस बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात हलवावे. येथे मिनिटांना मोल असते.

थंडीतील पहाट प्रसन्न खरी. पण त्या वेळी जमिनीलगतची थंड हवा स्थिर राहते आणि शेकोट्यांचा, पालापाचोळ्याचा व वाहनांचा धूर खालीच कोंडतो. दमेकऱ्यांनी अशा दिवसांत थोडे ऊन आल्यावर आणि मोठ्या रस्त्यांपासून दूर धावावे.

बूट, खाणे आणि पाणी

बुटांच्या जाहिरातींपेक्षा आपल्या पायाचे ऐकावे. दुकानात घालून चार पावले धावून पाहावे. जो बूट पहिल्या क्षणापासून सुखावह वाटतो, तोच बहुधा योग्य. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, म्हणून खरेदी त्या वेळी करावी. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. साधारण ६०० ते ८०० किलोमीटरनंतर बुटाची लवचिकता ओसरते. वरून तो नवा दिसला तरी बदलावा.

तासाभराच्या आतील सरावासाठी खास आहाराची गरज नाही. सकाळी उठल्यावर एखादे केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू पुरे. परतल्यावर तासाभरात पोहे, उपमा किंवा भाकरी आणि त्यासोबत उसळ, अंडी, दही, दूध यांपैकी काही घ्यावे. झिजलेल्या स्नायूंच्या दुरुस्तीसाठी प्रथिने लागतात आणि आपल्या शाकाहारी ताटात नेमकी तीच कमी पडतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. धावताना अकारण दम लागणाऱ्या स्त्रियांनी सराव वाढविण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

पाणी तहानेनुसार प्यावे. कमी पाण्याचा धोका सर्वांना ठाऊक असतो, अतिपाण्याचा नसतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंची रक्ततपासणी करण्यात आली, तेव्हा १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम धोकादायक अथवा अपुऱ्या पातळीवर उतरलेले आढळले. शर्यतीत भरमसाट पाणी पिऊन वजन वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते. तासापेक्षा जास्त धावायचे असेल, तर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत हा आपला घरगुती उपाय उपयुक्त ठरतो.

कोणते दुखणे साधे, कोणते गंभीर?

सरावानंतर एक-दोन दिवस दोन्ही पायांचे स्नायू सारखेच आंबले असतील, तर चिंता नको. हलके चालल्याने ते मोकळे होतात. मात्र पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये :

- हाडावर एकाच बिंदूवर बोट ठेवल्यास दुखणे, विशेषतः नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूस. हाडाला बारीक तडा गेल्याचे ते चिन्ह असू शकते.
- धावताना क्रमाने वाढत जाणारे किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे.
- सांध्याला सूज येणे किंवा लंगडावे लागणे.

अशा वेळी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे तर कटाक्षाने टाळावे. गोळीने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही; शिवाय घामाने शरीर कोरडे पडले असता अशा गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो. दुखापती टाळायच्या असतील, तर आठवड्यातून दोनदा बळ वाढविणारे व्यायाम करावेत. आपल्या तालमींतील बैठका, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे आणि एका पायावर तोल सांभाळणे एवढेही पुरते. सूर्यनमस्कारांनी पाठ व खुबे मोकळे राहतात.

हृदयाची काळजी

शर्यतीत एखादा धावपटू कोसळल्याची बातमी आली, की घराघरांत धास्ती पसरते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांची नोंद तपासली गेली, तेव्हा हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या. त्यांपैकी ४२ जण दगावले. म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एक घटना. धोका अल्प आहे. पण भारतीयांमध्ये हृदयविकार तुलनेने कमी वयात डोके वर काढतो, हे लक्षात घेता बेफिकिरीही नको.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात तरुण वयात हृदयविकाराने मृत्यू झाल्याचा इतिहास असलेल्यांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. धावताना छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा नेहमीपेक्षा वेगळीच धाप जाणवली, तर त्याच क्षणी थांबावे. 'पित्त असेल' म्हणून पुढे रेटू नये. काही वर्षे धावणाऱ्यालाही हा नियम लागू आहे. पदके हृदयाच्या नळ्या साफ असल्याचा दाखला देत नाहीत.

मुरलेल्यांसाठी

आपल्याकडे तीन किलोमीटरच्या दौडीलाही 'मॅरेथॉन' म्हणण्याची पद्धत पडली आहे. वास्तविक मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये अधिकृत ठरले. शरीरात साठविलेली साखर बहुतेकांना तीसेक किलोमीटरपर्यंतच पुरते, त्यानंतर पाय शिशासारखे जड होतात. म्हणून किमान वर्षभर नियमित धावून, दोन-तीन अर्धमॅरेथॉन पार केल्यावरच पूर्ण मॅरेथॉनचा विचार करावा.

आठवड्याचे अंतर एकदम वाढवू नये. दहा टक्क्यांची वाढ हा रूढ ठोकताळा आहे. तो अचूक शास्त्र नसला तरी लगाम म्हणून चांगला. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करावे. रविवारची एक लांब दौड, मधल्या वारी चढाचा किंवा वेगाचा एक सराव आणि बाकी सारे सावकाश, एवढी आखणी पुरेशी आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉनसारख्या चढाच्या शर्यतीत उतरणाऱ्यांनी वेताळ टेकडीवर सराव करावा. शहरातील हा सर्वांत उंच भाग सुमारे ८०० मीटरवर आहे.

शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवे मोजे, नवा खाऊ काहीही नको. पहिला एक तृतीयांश भाग मुद्दाम हळू धावावा. ढोल-ताशांच्या गजरात सुरुवातीला केलेली उधळपट्टी शेवटच्या टप्प्यात व्याजासह फेडावी लागते.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. आपल्यापैकी कोणाला तेवढे अंतर धावण्यास अडीच तास लागतील, कोणाला तीन. त्याने बिघडत नाही. हौशी धावपटूचे खरे यश घड्याळात मोजायचे नसते. पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी, तो पहाटे बुटांची नाडी बांधत असेल, तर तो जिंकला असे समजावे. त्यासाठी आजचे पाऊल थोडे सावकाश टाकणे, एवढेच आपल्या हाती आहे.